सेंद्रिय गूळ माहीत आहे, हे अंतराळातलं सेंद्रिय काय प्रकरण आहे?

गुऱ्हाळ_करवीर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा येडा वाटंल खरं विचारतोच. आमचं घरचं गुऱ्हाळ आहे, सीझनला पहाटे तीन-साडेतीनलाच चुलवाण पेटतं. गेल्या आठवड्यात पहिली काहील चढवली आणि जरा बाहेर येऊन बसलो, लाईट गेलेली (रोजचंच), आणि आग्नेयेला आकाशगंगा अशी काय दिसायलती म्हणून सांगू. पुतण्या बरोबर होता, अकरावी सायन्स. तो म्हणतोय, काका ते मधेमधे काळं दिसतंय ना तिथं तारे नाहीत असं नाही, पुढं धूळ आलीय म्हणून दिसत नाहीत, आणि त्या धुळीच्या ढगात अल्कोहोल सापडलंय, साखरेच्या जातीतलं पण काहीतरी सापडलंय. मी म्हटलं गप ए, जाळ बघ जा.

नंतर मोबाईलवर बघितलं तर खरंच की. सगळीकडं लिहिलंय "सेंद्रिय रेणू". आता आमच्या स्टॉलवर पाटी आहे, "सेंद्रिय गूळ, केमिकल विरहित". मग अंतराळात कोण शेणखत घालायलंय?

आणि दुसरं म्हणजे मला रसाचा गूळ करायला अडीच-तीन तास जाळ लागतो, ११८ डिग्रीच्या आसपास गेल्याशिवाय काहील उतरवता येत नाही. तिथं म्हणे उणे २६०. हवा नाही, जाळ नाही, वर ऊन असलं की अल्ट्राव्हायोलेटनं सगळं फुटून जायला पाहिजे. मग हे रेणू तयार कुठनं होतात आणि झाले तर टिकतात कसे? कुणी नीट सांगितलं तर बरं होईल, पुतण्यापुढं इज्जतीचा प्रश्न आहे.

मिसळ_विदाऊट_कट

अंतराळात अल्कोहोल म्हटल्यावर आमचा निम्मा ग्रुप उद्या इस्रोत अर्ज भरतोय बघा

आम्लराज

गुऱ्हाळवाले दादा, प्रश्न अजिबात येडा नाही, मी ज्युनियर कॉलेजला केमिस्ट्री शिकवतो आणि दरवर्षी सेंद्रियचा हा घोळ पहिल्याच तासाला निस्तरतो.

केमिस्ट्रीत सेंद्रिय म्हणजे कार्बनचा सांगाडा असलेला, बहुतेक वेळा हायड्रोजन जोडलेला रेणू. एवढंच. खताशी संबंध नाही, जिवंत असण्याशी पण नाही. पूर्वी लोकांना वाटायचं असले रेणू फक्त सजीवांच्या अंगातच बनतात, म्हणून ते नाव पडलं. मग १८२८ मध्ये व्होलर नावाच्या जर्मन माणसानं प्रयोगशाळेत युरिया बनवला, कुठल्याही प्राण्याच्या मूत्रपिंडाशिवाय, आणि ती समजूत ढासळायला लागली. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. तेव्हा तुमच्या गुळातली साखर सेंद्रिय, डिझेल सेंद्रिय, प्लास्टिकची पिशवी पण सेंद्रिय. आणि राग मानू नका, पण "केमिकल विरहित" गूळ म्हणजे रिकामा वाफा, कारण साखर स्वतःच केमिकल आहे :)

पुतण्या बरोबर बोलतोय. तुम्ही पहाटे बघत होता ती धनु राशीची दिशा, आकाशगंगेच्या मध्याची. तिथं सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर सॅजिटेरियस बी-टू नावाचा प्रचंड ढग आहे, ह्या धंद्यातलं ते लक्ष्मीपुरीचं मार्केट समजा, काय मागाल ते मिळतं. इथाइल अल्कोहोल तिथं १९७५ मध्ये सापडलं. ग्लायकोलाल्डिहाइड २०००मध्ये, साखरेच्या कुळातलं अगदी धाकटं भावंड, दोनच कार्बनचं, पुतण्या म्हणतोय ते हेच. इथाइल फॉर्मेट पण आहे, रासबेरीच्या वासात असतं ते. एकूण ताऱ्यांमधल्या जागेत आजवर ३०० च्या वर रेणू ओळखलेत.

नागपूरकर_संत्रं

आम्लराज सर, छान समजावलं

आम्लराज

सर नाही, मॅडम.

नागपूरकर_संत्रं

पण तुम्ही "शिकवतो" लिहिलं?

मिसळ_विदाऊट_कट

भावा कोल्हापुरात नवीन दिसतोयस. हितं पोरी पण आलो गेलो जेवलो म्हणतात. धाग्यावर ये परत

शंकासुर

मला एक कळत नाही. २६ हजार प्रकाशवर्षं म्हणजे तिथं कोणी गेलेलं नाही, जाणार नाही, बाटलीत भरून आणलेलं नाही. मग हे अल्कोहोल आहे आणि ते रासबेरी आहे हे इतक्या छातीठोकपणे कसं सांगतात? उद्या मी म्हणेन तिथं तांबडा रस्सा आहे.

उद्यमनगर_लेथ

शंकासुर, हे मी सांगू शकतो. मी आधी फौंड्रीत होतो. भट्टीतनं प्रत्येक हीटचं सॅम्पल काढायचं, थंड करायचं, घासायचं आणि स्पेक्ट्रोवर ठेवायचं. एक स्पार्क पडतोय, त्या उजेडाचे रंग मशीन वेगळे करतंय आणि अर्ध्या मिनिटात स्क्रीनवर कार्बन इतका, सिलिकॉन इतका, मँगनीज इतकं. कोणी धातू चाटून बघत नाही. प्रत्येक मूलद्रव्याच्या स्वतःच्या रेघा असतात, दुसऱ्याशी जुळत नाहीत. तसंच असणार हे, फक्त स्पार्क लांब हाय.

आम्लराज

एकदम बरोबर. फक्त थंड ढगात रेणू उजेड पाडत नाहीत, ते गरगर फिरतात. फिरण्याचा वेग मनाला येईल तसा नसतो, ठरलेल्या पायऱ्या असतात, वरच्या पायरीवरनं खालच्या पायरीवर आला की रेणू एक रेडिओ लहर सोडतो, एकदम नेमक्या फ्रिक्वेन्सीची. अल्कोहोलच्या अशा रेघा प्रयोगशाळेत आधी मोजून ठेवलेल्या असतात. एक रेघ जुळली तर कोणी विश्वास ठेवत नाही, अख्खी माळ त्याच प्रमाणात जुळावी लागते. तांबड्या रश्श्याची माळ शंकासुर तुम्ही आधी लॅबमध्ये मोजून आणा, मग बघू.

इतिहास पण गमतीचा आहे. १९३७ ते ४१ च्या दरम्यान दोन-दोन अणूंचे तीन रेणू सापडले होते, ताऱ्यांच्या उजेडातल्या बारीक काळ्या रेघांवरून. त्यानंतर बराच काळ बहुतेकांचं मत हेच, गुऱ्हाळवाल्या दादांसारखं, की एवढ्या विरळ जागेत मोठं काही बनूच शकत नाही. १९६८ मध्ये अमोनिया सापडला, ६९ मध्ये पाणी आणि फॉर्माल्डिहाइड, आणि मग पाऊसच पडला.

गुऱ्हाळ_करवीर

हे पटलं. खरं माझा मेन प्रश्न तसाच राहिला की. जाळाशिवाय जुळतात कसे?

आम्लराज

येतो त्यावर. पेपर तपासत होतो, आता मोकळा झालो. जरा मोठं होईल, चहा घेऊन बसा.

आधी विरळ म्हणजे किती ते बघा. आपण श्वास घेतो त्या हवेत एका घन सेंटिमीटरात साधारण २५ वर अठरा शून्यं इतके रेणू असतात. ह्या ढगांच्या दाट म्हणतात त्या भागात तेवढ्याच जागेत दहा हजार ते दहा लाख. म्हणजे आपल्याकडचा साधा व्हॅक्यूम पंप त्याच्यापुढं गर्दीचा महाद्वार रोड आहे.

आता समजा असल्या ओसाड जागेत दोन हायड्रोजन अणू भेटलेच. भेटले तरी जुळत नाहीत. का, तर जुळताना ऊर्जा बाहेर पडते, ती कुठंतरी जायला पाहिजे, जायला जागा नसली की तीच ऊर्जा त्यांना परत फोडते. आपल्याकडं लग्न जुळवायला मध्यस्थ लागतो ना तसा तिथं मध्यस्थ लागतो. तो मध्यस्थ म्हणजे धूळ. पुतण्यानं दाखवलेली तीच. कण म्हणजे किती, मिलिमीटरचा दहा हजारावा भाग, वाळूच्या आणि काजळीच्या जातीचा. हायड्रोजनचा एक अणू येऊन त्याच्यावर चिकटतो, इकडं तिकडं सरपटतो, दुसरा येतो, गाठ पडते, जास्तीची ऊर्जा धुळीचा कण स्वतःच्या अंगावर घेतो, जोडी सुटून निघून जाते. विश्वातला बहुतेक हायड्रोजन रेणू असाच धुळीवर जुळलाय.

थंडीत ह्याच कणावर हळूहळू बर्फाचा लेप चढतो. पाणी, कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, अमोनिया, मिथेन. आणि खरं गुऱ्हाळ हितं चालतं. कार्बन मोनॉक्साइड बसलेला असतो, त्याला एक हायड्रोजन येऊन चिकटतो, मग दुसरा, झालं फॉर्माल्डिहाइड. अजून दोन, झालं मिथेनॉल. चार हायड्रोजनचं काम. आणि एका कणावर असा सुटा हायड्रोजन अणू यायचा म्हणजे दिवसाला एखादा, कधी त्याहून कमी. तुमचा गुळव्या एवढ्या वेळात नोकरी सोडून जाईल. पण ढगाकडं दहा लाख वर्षं असतात आणि धुळीचे कण मोजता येणार नाहीत इतके असतात.

जाळाचं म्हणाल तर, जाळ लागतो तो मधला चढ ओलांडायला. इथून कोकणात जायचं तर घाट चढावाच लागतो, मग पलीकडं उतार. उणे २६३ ला चढ चढायची ताकद कोणात नसते. पण हायड्रोजन अणू इतका हलका आहे की तो कधीकधी चढतच नाही, डोंगरातनं आरपार जातो. क्वांटम टनेलिंग म्हणतात. ही कविता नाही, प्रयोगशाळेत बर्फावर करून बघितलेलं आहे. हा थंडीचा फायदा आहे खरं तर, कारण हायड्रोजन उडून न जाता कणावर टिकून राहतो आणि त्याला प्रयत्न करायला भरपूर वेळ मिळतो.

गुऱ्हाळ_करवीर

मॅडम नाद खुळा. म्हणजे धूळ म्हणजे घाण नाही, वधूवर सूचक मंडळ आहे. आणि फुकट.

औंधकर

सुंदर समजावलंय. मी मूळचा शाहूपुरीचा, आता पुण्यात. एक भर घालतो, सगळं धुळीवरच होतं असं नाही. ढगातल्या वायूत पण एक कारखाना चालू असतो आणि त्याला पण जाळ लागत नाही.

दाट ढगात अल्ट्राव्हायोलेट शिरत नाही पण कॉस्मिक किरण, म्हणजे अंतराळातनं प्रचंड वेगानं धावणारे भारित कण, शिरतात. ते हायड्रोजन रेणूचं एक इलेक्ट्रॉन उडवतात, तो जखमी रेणू शेजारच्या हायड्रोजनवर आपटतो आणि तयार होतो एच थ्री प्लस, तीन हायड्रोजनचा धनभारित रेणू. ह्याला एक प्रोटॉन जड झालेला असतो आणि तो दिसेल त्याच्या गळ्यात मारत सुटतो. कार्बनच्या गळ्यात, ऑक्सिजनच्या गळ्यात, कार्बन मोनॉक्साइडच्या गळ्यात. भारित आणि साध्या रेणूंची ओढ अशी असते की मधे चढ जवळपास नसतोच, उणे २६३ ला पण धडाधड होतं. हा रेणू असणार असं गणितानं आधी सांगितलं, अंतराळातल्या ढगात प्रत्यक्ष सापडला १९९६ साली.

मिसळ_विदाऊट_कट

प्रोटॉन गळ्यात मारणारा म्हणजे आमचा भिशीचा सेक्रेटरी

शंकासुर

बनतात हे मान्य. पण टिकतात कसे ह्यावर कोणी बोललं नाही अजून. तारे अल्ट्राव्हायोलेट ओकतात. आपल्याकडं दारातलं निळं प्लास्टिकचं पिंप दोन उन्हाळ्यात तडकतंय.

आम्लराज

पिंपाचं उदाहरण झकास. छोटा रेणू ढगाबाहेर उघड्यावर सापडला तर तो खरंच टिकत नाही, बहुतेकांचं आयुष्य काही शे वर्षांचं, अंतराळाच्या हिशोबानं चुटकीसरशी. म्हणून ते ढगाच्या पोटातच सापडतात. बाहेरच्या थरातली धूळ ऊन खाते आणि आतल्यांना सावली मिळते. तेच काळे पट्टे. दादा, तुम्ही जे काळं बघितलं ते सावलीचं बाहेरून दिसणारं रूप. काळं दिसतंय म्हणूनच आत माल आहे.

गुऱ्हाळ_करवीर

अंगावर काटा आला राव

उद्यमनगर_लेथ

मॅडम धूळ काजळीच्या जातीची म्हणाला. ती काजळी कुठनं आली? तिथं चुलवाण कुणाचं?

औंधकर

म्हाताऱ्या ताऱ्यांचं. सूर्यासारखे तारे शेवटी शेवटी फुगतात आणि बाहेरचे थर उडवून लावतात. ज्यांच्यात ऑक्सिजनपेक्षा कार्बन जास्त असतो त्यांच्याभोवती काजळी जमते. सिंह राशीत सी डब्ल्यू लिओनिस नावाचा एक आहे, स्वतःच्याच काजळीत इतका गुरफटलेला की साध्या दुर्बिणीतनं जवळपास दिसत नाही, इन्फ्रारेडमध्ये मात्र भगभगीत. त्याच्याभोवती ॲसिटिलीन भरपूर आहे.

उद्यमनगर_लेथ

थांबा थांबा थांबा. ॲसिटिलीन??

अहो हे तर रोजचं आहे माझं. गॅस वेल्डिंग करताना आधी ॲसिटिलीनचा कॉक थोडा उघडायचा, लायटर मारायचा, तर पिवळा धुरकट जाळ लागतो आणि त्यातनं काळे काळे धागे सुटतात, कोळ्याच्या जाळ्यासारखे. हवेत तरंगत सगळ्या शेडमध्ये फिरतात, केसात, चहाच्या कपात, शेजारच्यानं सकाळीच इस्त्री केलेल्या शर्टवर. त्यावरनं एकदा भांडण झालंय. मग हळूहळू ऑक्सिजन उघडायचा, की धागे बंद, जाळ निळा होत जातोय, आत पांढरा टोकदार दाणा दिसतोय. म्हणजे तोच गॅस, ऑक्सिजन कमी तर काजळी, ऑक्सिजन पुरेसा तर काजळी नाही. ताऱ्याचं पण हेच म्हणायलाय काय तुम्ही, कार्बन जास्त तर काजळी?

औंधकर

होय, आणि तुमचं उदाहरण मी पुढच्या वेळी ढापणार आहे. ताऱ्याभोवती कार्बन आणि ऑक्सिजन आधी एकमेकांना धरून कार्बन मोनॉक्साइड बनवतात, ती जोडी फार घट्ट. मग जो उरतो त्याचं राज्य. ऑक्सिजन उरला तर वाळूच्या जातीची धूळ, कार्बन उरला तर ॲसिटिलीन आणि त्याच्यापासनं कडी कडी जोडत काजळी. ह्या धुळीचे कण काय तुमच्या शेडमधले धागे काय, सुरुवात सारखीच.

आम्लराज

ह्यात थोडी भर. काजळी बनायच्या वाटेवर मधे एक जात असते, षटकोनी कड्या एकमेकांना चिकटलेल्या, मधमाशीच्या पोळ्यासारख्या. नाव लांबलचक आहे, पॉलीसायक्लिक ॲरोमॅटिक हायड्रोकार्बन, आपण पीएएच म्हणू. चुलवाणाच्या धुरात असतात, करपलेल्या भाकरीत असतात, डांबराच्या गोळीत नॅप्थलीन असतं ते ह्यातलंच, दोन कड्यांचं. आकाशात जिकडं इन्फ्रारेड दुर्बीण वळवावी तिकडं ह्यांची खूण दिसते, आणि हे उघड्या उन्हात पण टिकतात, सावली नसली तरी.

का टिकतात हे विद्यार्थ्यांना सांगताना मला नेहमी अडखळायला होतं, कोणाला चांगलं उदाहरण सुचतंय का बघा. छोट्या रेणूवर अल्ट्राव्हायोलेटचा एक दणका बसला की सगळी ऊर्जा दोन-तीन बंधांवरच येते, तुटतो. मोठ्या पीएएचवर तोच दणका बसला तर ऊर्जा शंभरभर कंपनांमध्ये वाटली जाते, रेणू नुसता तापून थरथरतो आणि सावकाश इन्फ्रारेडच्या रूपात ती उष्णता सोडून देतो.

गुऱ्हाळ_करवीर

मॅडम हे मी सांगतो. उकळत्या रसाचा एक डाव स्टीलच्या वाटीत ओता, वाटी हातात धरवणार नाही. तोच डाव गार रसाच्या भरल्या काहिलीत ओता, काहिलीला पत्ता पण लागत नाही. डाव तोच, भांडं मोठं.

आम्लराज

हेच पाहिजे होतं. सोमवारी वर्गात वापरतो, नाव तुमचं घेतो.

आणि एक धक्का देऊन ठेवतो. औंधकर म्हणाले तसं ही जात गरम ताऱ्यांच्या काजळीतच बनते असं बराच काळ धरून चालले होते. पण वृषभ राशीत एक एकदम गार अंधारा ढग आहे, टीएमसी-१, साधारण ४५० प्रकाशवर्षांवर. तिथं २०१८ मध्ये एका कडीचा बेंझोनायट्राइल सापडला, २०२१ मध्ये दोन कड्यांचा सायनोनॅप्थलीन, आणि २०२४ मध्ये चार कड्यांचा सायनोपायरीन. उणे २६३ च्या ढगात, जवळपास एक पण पेटलेलं चुलवाण नाही. हे बाहेरून वाहत आलं की तिथंच गारठ्यात बनलं ह्यावर सध्या जोरात वाद चालू आहे. मला विचाराल तर निदान काही भाग तिथंच बनलाय, कारण जपानी यानानं रियुगू लघुग्रहावरनं आणलेल्या मातीत पायरीन आहे आणि त्यातल्या जड कार्बनचा (कार्बनच, फक्त अणू वजनानं थोडा जास्त) हिशोब गार जागेकडं बोट दाखवतो.

दाजीपूरचा_गवा

टीएमसी-१ बघायचा असला तर आत्ता संध्याकाळी वर बघा, कृत्तिका आणि रोहिणी ओळखता येतात ना, त्याच भागात. दिसणार काही नाही, काळ्यावर काळं. पण मी राधानगरीच्या वर गाडी लावून तिकडं बघत बसतो, गार ढग, गार हवा, थर्मासमधला चहा पण गार.

शंकासुर

रियुगूचा विषय निघालाच आहे तर. उल्का जमिनीवर पडते, तिच्यावर माती, शेवाळ, कुत्रं काय काय येऊन जातं. मग आत अमिनो आम्लं सापडली म्हणून नाचण्यात काय अर्थ? ती इथलीच कशावरनं नाहीत?

उद्यमनगर_लेथ

ह्याला माझा पाठिंबा. एका ठिकाणी कामाला असताना एक हीट रिजेक्ट झाली, रिपोर्टमध्ये ॲल्युमिनियम जादा. भट्टी तपासली, स्क्रॅप तपासला, सगळ्यांनी एकमेकांना शिव्या घातल्या. दोन दिवसांनी कळलं की नवीन पोरगा सॅम्पल ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या पेपरवर घासायलता. पेपरचाच ॲल्युमिनियम मशीन दाखवायलतं. तेव्हा सॅम्पल कुणी हाताळलं हा पहिला प्रश्न.

आम्लराज

रास्त शंका आहे आणि ह्यावर लोकांनी आयुष्यं घालवलीत.

ऑस्ट्रेलियात मर्चिसन गावी २८ सप्टेंबर १९६९ ला उल्का पडली, १०० किलोच्या आसपास माल. तिच्यात आजवर ७० च्या वर अमिनो आम्लं मोजलीत. आपल्या अंगातल्या प्रथिनांना लागतात फक्त २०. म्हणजे बाकीची इथल्या जीवसृष्टीत क्वचित किंवा अजिबात वापरात नसलेली. कुत्र्यानं आणली म्हणावं तर कुत्र्याकडं पण ती नाहीत. दुसरं, त्यातला जड हायड्रोजन आणि जड कार्बन इथल्यापेक्षा जास्त, गार ढगातल्या केमिस्ट्रीची ती सही.

तरी समाधान होत नाही म्हणून तर वर जाऊन आणलं. बेन्नू लघुग्रहावरनं १२१.६ ग्रॅम, २४ सप्टेंबर २०२३ ला अमेरिकेत युटाच्या वाळवंटात उतरलं. नायट्रोजन भरलेल्या पेटीत ठेवलेलं, उद्यमनगरवाल्यांचा नवीन पोरगा जवळपास फिरकणार नाही अशी व्यवस्था. जानेवारी २०२५ मध्ये निकाल आला: आपल्या २० पैकी १४ अमिनो आम्लं, डीएनए-आरएनएची पाचही अक्षरं, आणि अमोनिया चिक्कार. आणि गंमत म्हणजे अमिनो आम्लं आपल्या दोन हातांसारखी एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेल्या दोन रूपांत असतात, ती डाव्या-उजव्या हाताची तिथं जवळपास समसमान. सजीवांकडनं लागलेली असती तर सगळी डावीच असती.

दाजीपूरचा_गवा

आपल्याकडं पण पडलीय तशी, जयपूरजवळ मुकुंदपुऱ्यात, जून २०१७, कार्बनवाली काळी. शेतात पडली आणि तुकडे झाले.

आणि पडताना जळून जात नाही का हे कोणीतरी विचारणारच म्हणून आधीच सांगतो, वातावरणातनं यायला काही सेकंद लागतात, वरची साल वितळते, मिलिमीटरभर काळी खपली, आत उष्णता पोचायला वेळच मिळत नाही. तव्यावर टाकून लगेच उचललेल्या भाकरीसारखं, वर डाग आत कच्चं.

गुऱ्हाळ_करवीर

आता माझा एक. गारठ्यात साधं मिथेनॉल बनतंय हे कळलं. पण अमिनो आम्ल म्हणजे जरा मोठं काम आहे ना? तिथं तरी जाळ लागत असणार की.

आम्लराज

लागतो, पण बेतानं, आणि इथं आपला खलनायक अल्ट्राव्हायोलेट कामाला येतो. २००२ मध्ये दोन वेगवेगळ्या टीमनी प्रयोगशाळेत अंतराळासारखा बर्फ बनवला, पाणी मिथेनॉल अमोनिया वगैरे, उणे २६० च्या आसपास, त्यावर अल्ट्राव्हायोलेट सोडलं. बर्फात रेणूंचे तुकडे पडतात पण गारठ्यामुळं ते जागच्या जागी अडकून राहतात. मग हळूहळू तापवलं की ते सरकायला लागतात आणि एकमेकांना धरतात. शेवटी तळाला पिवळट चिकट थर उरला, त्यावर ॲसिडची प्रक्रिया केल्यावर अमिनो आम्लं मिळाली. प्रत्यक्षात पण नवीन तारा पेटला की भोवतीचा बर्फ असाच सावकाश तापतो, उणे १७० च्या आसपास उडून वायूत येतो, तेव्हाच तर रेडिओ दुर्बिणीला त्यातले मोठे रेणू धडाधड दिसायला लागतात. त्या जागेला शास्त्रज्ञ हॉट कोअर म्हणतात. उणे १७० ला हॉट.

उरलेला बर्फ आणि धूळ धूमकेतू-लघुग्रहांत जाते. लघुग्रहाच्या पोटात बर्फ वितळून पाणी फिरलं की अजून एक फेरी, त्यातली काही अमिनो आम्लं तर तिथंच बनलेली.

गुऱ्हाळ_करवीर

पिवळट चिकट थर. म्हणजे काकवी की ओ. आणि तापवायचं बेतानं हे बरोबरच आहे, घाई केली तर करपतो, लवकर उतरवली तर रवा धरत नाही.

औंधकर

धूमकेतूचं निघालं म्हणून. रोझेटा यानानं ६७पी धूमकेतूचा "वास" घेतला होता २०१४ मध्ये. सडक्या अंड्याचा हायड्रोजन सल्फाइड, तबेल्याचा अमोनिया, वर फॉर्माल्डिहाइड. २०१६ मध्ये त्याच धूमकेतूत ग्लायसीन जाहीर झालं, सगळ्यात साधं अमिनो आम्ल.

आणि कोल्हापूरच्या धाग्यावर हे सांगितल्याशिवाय राहवत नाही, आपले जयंत नारळीकर, जन्म १९३८, कोल्हापूरचाच. ते एक पायरी पुढं जाऊन विचारत होते की रेणूच काय, जंतूच वरनं येतात का? २००१ मध्ये हैदराबादहून फुगा सोडून ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली होती, तिच्यात जिवाणू सापडले.

शंकासुर

४१ किलोमीटरवर जिवाणू सापडला म्हणजे तो वरनं खाली आला की खालनं वर गेला? मला सरांबद्दल आदर आहे पण हे तिथंच अडतं.

आम्लराज

मी पण शंकासुरांच्या बाजूनं. रेणू येतात ह्याचा पुरावा हातात आहे, पेटीत बंद करून आणलाय. जीव येतो ह्याचा नाही. विटा ट्रकमधनं आल्या म्हणून कोणी घर ट्रकमधनं आलं म्हणत नाही. पण फुगा सोडून बघूया हे सुचणं, हैदराबादला जाऊन करणं, ह्याला मी मानतो. नुसतं वाद घालत बसण्यापेक्षा लई बरं.

औंधकर

मान्य. त्यांनी स्वतःही तो प्रश्न सुटला असं जाहीर केलं नव्हतं, प्रयोग पुढं न्यावा एवढाच आग्रह होता.

मिसळ_विदाऊट_कट

माझा मुद्दा राहूनच गेला, त्या अल्कोहोलचं काय, आणायचं कसं

दाजीपूरचा_गवा

चमचाभर गोळा करेपर्यंत म्हातारा होशील. घन सेंटिमीटरात लाखभर रेणू, त्यात बहुतेक नुसता हायड्रोजन.

गुऱ्हाळ_करवीर

सगळ्यांचे आभार. पुतण्याला पूर्ण धागा वाचायला दिला. तो म्हणतोय चुलवाणाच्या धुराड्यातली काजळी खरवडून मॅडमना द्यायची, कॉलेजात काही दाखवता येईल का त्यातनं? यंदा चिपाड ओलं होतं त्यामुळं काजळी बक्कळ आहे, बादलीभर निघंल.

आम्लराज

बादली नको, काड्यापेटीभर बास. थोडी टोल्युइनमध्ये ढवळून, गाळून अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली धरतो, पीएएच असले तर निळसर चमकतील. पोरांना नुसतं फळ्यावर षटकोन काढून दाखवण्यापेक्षा हे बरं. हाताला लावू नका, हातमोजे घालून काढा, ह्यातली काही मंडळी कॅन्सर करणारी आहेत.

उद्यमनगर_लेथ

मी पण येतो बघायला. वेल्डिंगचे धागे पण आणतो, दोन्ही शेजारी ठेवून बघू.

दाजीपूरचा_गवा

त्यापेक्षा सगळेच गुऱ्हाळावर या की पुढच्या शनिवारी, अमावस्या जवळ आहे. पहाटे चारला धनु रास वर येते, माझी दहा इंची दुर्बीण आणतो. काजळी तिथंच द्या घ्या.

गुऱ्हाळ_करवीर

या या. गरम काकवी आणि भाकरी माझ्याकडं लागली. फक्त रात्री येताना जपून, रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असतात, मागं रिफ्लेक्टर नसतोय. आणि लाईट गेलेली असली तर फोन करू नका, चुलवाणाचा जाळ बघून या.